दुसऱ्या महायुद्धाची झळ आपल्याला लागलीच नाही?

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येतो: ‘दुसरं महायुद्ध युरोप-जपानचं. भारतावर एकही बॉम्ब पडला नाही. सैन्यात गेले त्यांनीच काय ते भोगलं, बाकीच्यांना झळसुद्धा लागली नाही.’ यातलं एकही विधान टिकत नाही.

आधी बॉम्बचं. ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी विशाखापट्टण आणि काकीनाड्यावर बॉम्ब टाकले. त्याच वर्षी डिसेंबरात कलकत्त्याची पाळी आली.

आता झळ. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं आणि ब्रह्मदेशचा तांदूळ यायचा थांबला. मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं. तांबं वाचवायला सरकारने मधोमध भोक असलेला पैसा काढला. जुन्या घरांतल्या डब्यांत तो अजून सापडतो. सप्टेंबर १९४२ पासून घड्याळंसुद्धा तासभर पुढे होती, ती थेट ऑक्टोबर १९४५ पर्यंत.

‘सैन्यात गेले त्यांनीच भोगलं’ म्हणणाऱ्यांनी १४ एप्रिल १९४४ ची मुंबई आठवावी. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज उभं होतं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा, त्यातच कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी. असा माल एकत्र भरणं शांततेच्या काळात कुणी खपवून घेतलं नसतं. युद्धाच्या घाईत ते चाललं. दुपारी आग लागली. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासात दुसरा. जळता कापूस मांडवी, मशीद बंदरच्या वस्तीवर पडला. जहाजातल्या सोन्याच्या विटाही दूरवर उडाल्या. जपान्यांनी हल्ला केला असंच कित्येकांना वाटलं. मृतांचा आकडा ८०० ते १,३०० असा सांगतात. त्यात गोदी कामगार होते, आसपासचे रहिवासी होते आणि आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे साठाहून जास्त जवान होते. त्यांच्या स्मरणार्थच १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात.

आणि बंगाल. जपानी येतील या भीतीने १९४२ मध्ये सरकारने किनारपट्टीतल्या हजारो होड्या ताब्यात घेतल्या, मोडल्या. कोळ्याची मासेमारी गेली, धान्याची ने-आण अडली. त्यात ऑक्टोबरातलं चक्रीवादळ आणि युद्धखर्चाने भडकलेली महागाई. या महायुद्धात भारतीय सैन्यातले सुमारे ८७,००० जवान गेले. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळात उपासमारीने आणि रोगराईने २० ते ३० लाख माणसं मेल्याचा अंदाज आहे.