भटोबासांनी गादी बळकावली नव्हती

महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांचा अवतारदिन जवळ आला की पैठणपासून जालन्यापर्यंत एक मजकूर मोबाइलवर फिरू लागतो. स्वामी गेल्यावर त्यांचे शिष्य नागदेवाचार्य ऊर्फ भटोबास यांनी पंथाची गादी बळकावली, स्वामींच्या आठवणींना सोयीचे रूप दिले आणि धर्म गुप्त लिपीत कोंडला, असा त्याचा सूर असतो.

पहिला आरोप कालक्रमापुढेच टिकत नाही. १२७४ च्या सुमारास स्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यावर, म्हणजे ते उत्तरेकडे निघून गेल्यावर, भटोबास गोदाकाठी मठ थाटून बसले नाहीत. ते विदर्भातील रिद्धपुरास गेले आणि स्वामींचे गुरू गोविंदप्रभू, ज्यांना गाव 'राऊळ' म्हणे आणि वेडसरही समजे, त्यांच्या निर्वाणापर्यंत, म्हणजे सुमारे तपभर, त्यांच्या सेवेत राहिले. आचार्यपद त्यानंतरचे.

आठवणींविषयीचा आरोप अधिक गंभीर आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर हवे. स्वामींच्या लीळांचा, म्हणजे त्यांच्या आयुष्यातील प्रसंगांचा, ग्रंथ लीळाचरित्र भटोबासांनी लिहिलेला नाही; तो पंथातील म्हाइंभटांनी लिहिला. भटोबासांनी स्वतःला ठाऊक असलेल्या लीळा सांगितल्या आणि बाकीच्यांसाठी म्हाइंभटांना ज्यांनी त्या पाहिल्या त्यांच्याकडे धाडले, असे पंथाची परंपरा सांगते. आठवणींवर ताबा हवा असलेला माणूस इतके साक्षीदार कशाला उभे करील? शिवाय स्वामी भटोबासांना चारचौघांत रागावतात, त्यांची चूक दाखवतात, असे प्रसंग त्याच ग्रंथात जागोजागी आहेत आणि ते कोणी गाळलेले नाहीत. मूळ प्रत खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत हरवल्यावर अनुयायांनी ग्रंथ स्मरणातून पुन्हा उभा केला, तेव्हाही हिराइसा, परशरामबास या अनुयायांचे निरनिराळे पाठ जपले गेले. एकाच माणसाच्या मर्जीने घडलेल्या ग्रंथाला असे पाठभेद सहसा लाभत नाहीत.

राहिली लिपी. पंथाची गुप्त लिपी, म्हणजे सकळ लिपी, पंथातील रवळोबासांची मानली जाते आणि ती चौदाव्या शतकाच्या मध्यास आली. भटोबास १३०२ च्या सुमारास वारले होते. उलट त्यांचे शिष्य केशोबास संस्कृतात ग्रंथरचना करू पाहत होते, तेव्हा संस्कृत न जाणणाऱ्या आपल्या म्हाताऱ्या अनुयायी बाया त्याने नागवल्या जातील, असे सांगून भटोबासांनीच त्यांना अडवल्याचे भटोबासांच्या आठवणींच्या स्मृतिस्थळ या ग्रंथात येते. देवगिरीच्या दरबारी पंडितांना जी भाषा खालची वाटे, तिच्यातच पंथाचे शास्त्र राहिले, ते या आग्रहामुळे.

पंथात पुढे तेरा आम्नाय, म्हणजे उपपंथ, पडले हे खरे आहे. पण भटोबासांमागून बाइदेवबास आणि मग कवीश्वर भास्करभट्ट बोरीकर आचार्य झाले, आणि ही फूट त्यांच्याही नंतरची आहे.