अर्थिंगची वायर न्यूट्रलला जोडू नका

घरात अर्थिंग नसेल तर सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकाची वायर न्यूट्रलला जोडा, असा सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. कृपया असं करू नका. मागे कुठेतरी स्क्रू ढिला होऊन न्यूट्रल सुटली, की बेंच ग्राइंडर चालू करताच मोटरच्या वाइंडिंगमधून 230 व्होल्ट त्याच्या लोखंडी बॉडीवर येतात. मशीन फिरत नाही, एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही, आणि काय बिघडलं म्हणून माणूस नेमका बॉडीलाच हात लावतो. वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असतील, तर नुसता प्लग लावला तरी बॉडीत करंट येतो. परवानाधारक वायरमनकडून वेगळं अर्थिंग करून घ्या. सोबत 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवाच. अर्थिंगची जागा ती घेत नाही, पण अंगातून करंट जमिनीत गेला तर पुरवठा तोडते.