मार्चच्या फीबद्दल, आणि फीमधून बॅडमिंटन कोर्ट कसं चालतं याबद्दल

नमस्कार मॅडम,

आमच्या बॅडमिंटन अकादमीवरचा तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार का दिलात यावर वाद घालणार नाही. पण तुम्ही जे लिहिलंय ते बाकीच्या पालकांच्याही मनात असतं, म्हणून इथेच सविस्तर उत्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: परीक्षेमुळे मुलगा मार्चमध्ये मोजकेच दिवस आला, तरी महिन्याची पूर्ण २,८०० रुपये फी घेतली. वर १८ टक्के जीएसटी. वर्षाची ३,००० रुपये सभासद फी वेगळी, आणि ती परत मिळत नाही. फेदर, म्हणजे पिसांच्या शटलचे पैसे निराळे. काही मुलं फुकट खेळतात, त्यांचा भार आमच्यावर. आणि शेवटी, "सरकार आणि कंपन्या खेळाला एवढा पैसा देतात, पूर्वी तालमीत कोणी फी मागत नव्हतं, तुम्ही खेळाचा धंदा केलाय." मुलाच्या खेळाविषयी मात्र इथे काही लिहीत नाही. ते समोरासमोर बोलू.

आधी मार्च. आम्ही फी घेतो ती बॅचमधल्या जागेची. एका कोर्टवर एका वेळी सहाच मुलं घेतो, कारण सातवं आलं की प्रत्येकाच्या वाट्याला रांगेत उभं राहणंच जास्त येतं. तुमच्या मुलाची जागा मार्चभर त्याचीच होती. वेटिंग लिस्टवर मुलं असूनही ती कोणाला दिली नाही. मार्चमध्ये दर वर्षी निम्मी बॅच गळते. धायरीतल्या या शेडचं भाडं त्या महिन्यात कमी होत नाही, महावितरणचं बिल व्यापारी दरानेच येतं. हजेरीप्रमाणे फी घेतली तर कात्री लागेल ती कोचच्या पगाराला. आमच्याकडची कोच मुलं-मुली स्वतः स्पर्धा खेळून, काही जण पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) कोचिंगचा कोर्स करून आलेली आहेत. मार्चमध्ये अर्धा पगार दिला तर एप्रिलमध्ये ती दुसरी नोकरी धरतात, आणि चांगला कोच एकदा गेला की त्याच्या हाताखालची मुलं वर्षभर चाचपडतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून हा नियम बदलणार नाही. दहावी-बारावीच्या मुलांना फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्धी फी आहे, आधी कळवलं तर. प्रवेशाच्या फॉर्मवर ते छापलेलं आहे.

आता शटल. तुम्ही विचारलंत, नायलॉनच्या शटलवर का खेळवत नाही? सुरुवातीच्या बॅचला नायलॉनच देतो. पण जिल्ह्याच्या आणि राज्याच्या स्पर्धा फेदरवर होतात, आणि फेदर वेगळं उडतं. रॅकेटवरून निघताना जोरात जातं आणि पुढे एकदम मंदावतं. नायलॉनवर ड्रॉप, म्हणजे नेटलगत हळूच टाकायचा फटका, शिकलेल्या मुलाचा शॉट स्पर्धेत नेटमध्ये तरी जातो, नाहीतर सर्व्हिस लाइनच्या पलीकडे. एका फेदर शटलमध्ये १६ पिसं असतात, बदकाची किंवा हंसाची, एकाच बाजूच्या पंखातली. सगळं मिळून वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम. त्यातलं एक पीस मोडलं की शटल डगमगतं. पुण्याच्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत पिसं ठिसूळ होतात, म्हणून आमचे काका रोज दुपारी शटलच्या नळ्यांना वाफ देऊन ठेवतात. तुम्ही ऑफिसच्या दारात जी किटली बघता ती चहाची नाही, त्यासाठीची आहे. तरीही स्पर्धेच्या बॅचमध्ये स्मॅशचा सराव असला की एका संध्याकाळी खोकं रिकामं होतं. मोडलेली शटलं टाकून देत नाही. एखादंच पीस गेलेली मल्टी-शटलच्या, म्हणजे कोच एकामागून एक शटल टाकतो त्या सरावाच्या, बादलीत जातात, त्याहून वाईट झालेली लहान मुलांना फक्त नेटजवळच्या सरावाला. गेल्या दोनेक वर्षांत फेदरचे भाव चांगलेच वाढले, कारण बहुतेक माल चीनमधून येतो आणि तिथे पिसांचाच तुटवडा झाला. शटलचा खर्च फीमध्ये घातला असता तर नायलॉनवर खेळणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाच्या आईलाही तो भरावा लागला असता. म्हणून तो वेगळा ठेवलाय, आणि ज्या भावाला खोकं मिळतं त्याच भावाला लावतो.

३,००० रुपयांची सभासद फी मॅटसाठी, नेट आणि दिव्यांसाठी बाजूला काढतो. सिंथेटिक मॅट घासून गुळगुळीत झाली की मुलांचे पाय घसरतात आणि घोटे मुरगळतात, त्यामुळे ती वेळेवर बदलायची तर पैसे आधी साठवावे लागतात. ती परत दिली तर मॅट बदलायची वेळ येईल तेव्हा हात रिकामे असतील. जीएसटी सरकारकडे जातो. आयकर खात्याकडे धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थेला खेळाच्या प्रशिक्षणावर तो माफ आहे. माझी प्रोप्रायटरशिप आहे, म्हणजे एकट्याच्या मालकीचा व्यवसाय, मला नाही.

सरकार आणि कंपन्यांच्या पैशाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या खेळाडूमागे वर्षाला ६.२८ लाख रुपयांची तरतूद आहे, त्यातले १.२० लाख थेट खेळाडूच्या हातखर्चाला. योजना चांगली आहे. पण तिथे निवड होते ती राष्ट्रीय पातळीवर चमकलेल्या मुलांची. आठव्या वर्षी रॅकेट धरल्यापासून तिथे पोहोचेपर्यंतची वर्षं आई-बाप काढतात, आणि तीच वर्षं आमच्यासारख्यांच्या कोर्टवर जातात. कंपन्यांचं म्हणाल तर २०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५ आहे. निव्वळ नफा ५ कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नक्त मूल्य ५०० कोटी, यातलं काहीही असलं तर सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, आणि त्या यादीत ऑलिम्पिकमधल्या खेळांचं प्रशिक्षणही आहे. पण तो पैसा खाजगी अकादमीला मिळत नाही. ट्रस्ट, सोसायटी किंवा कलम ८ ची, म्हणजे नफा न वाटणारी कंपनी लागते, आणि २०२१ पासून सीएसआर-१ या सरकारी फॉर्मवरची नोंदणीही. मी एका ट्रस्टच्या मदतीने काही कंपन्यांचे उंबरे झिजवलेत. स्पर्धा भरवायला, टी-शर्टवर नाव छापायला लोक तयार होतात. दर महिन्याचं भाडं आणि कोचचा पगार द्यायला आजवर कोणी तयार झालं नाही, आणि कोर्ट चालतं ते नेमकं त्यावर.

तालमीचा उल्लेख तुम्ही केलात ते मला आवडलं, कारण माझे आजोबा पेठेतल्या तालमीत जायचे. तिथे फी नव्हती हे खरं. पण चिंचेची तालीम घ्या, नगरकर तालीम घ्या, जागेचं भाडं कोणाला द्यावं लागत नव्हतं. वस्ताद पगारी नव्हता, त्याचं घर दुसऱ्या कशावर तरी चालायचं. पैलवानाचा खुराक, दूध-बदाम, घरचे बघायचे किंवा गावातला एखादा दानशूर. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्य आणलं, तेव्हा त्यांच्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले होते. पुण्यातले जुने क्लब घ्या, डेक्कन जिमखाना १९०६ चा, त्याच्याआधी पीवायसी जिमखाना १९०० चा. आज त्यांच्यासारखी जागा नव्याने कोणाला मिळायची नाही. खेळाला तेव्हाही पैसा लागत होता. भरणारे वेगळे होते, आणि ते पुरेसे नव्हते म्हणून कितीतरी गुणी पोरं मागे राहिली.

आता फुकट खेळणाऱ्या मुलांबद्दल. हो, अशी मुलं आहेत. आजूबाजूच्या सोसायट्यांमधल्या वॉचमनची, घरकाम करणाऱ्या ताईंची मुलं. त्यांच्याकडून फी, सभासद फी, शटलचे पैसे, काहीच घेत नाही. अट एकच, हजेरी चुकवायची नाही, आणि ती बाकीच्यांपेक्षा काटेकोर पाळतात. पण त्यांचा भार तुमच्यावर पडलेला नाही. सकाळी सहा ते आठ कोर्ट मोठ्यांना तासावर देतो. ऑफिसला निघण्याआधी खेळायला येणाऱ्या त्या लोकांच्या बुकिंगमधून या मुलांचा खर्च निघतो, आणि त्यातल्या काहींना ते माहीत असल्यामुळे जुनी पण चांगली रॅकेटही देऊन जातात. मुलांच्या बॅचचा आणि सकाळच्या बुकिंगचा हिशोब वेगळ्या खात्यात लिहिला जातो. तुम्हाला मनापासून एक विनंती आहे. कोण फी भरतं आणि कोण नाही याचा अंदाज मुलांसमोर बांधू नका. आमच्या कोचलाही ते ठाऊक नसतं, मुद्दाम सांगितलेलं नाही. नेटच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या मुलांनी एकमेकांकडे फक्त शटल परत यायचं म्हणून बघावं, यासाठी मी वाटेल ते करीन.

आणि धंदा? हो, हा माझा व्यवसाय आहे, त्यावर माझं घर चालतं, आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही. तोट्यात गेलेली अकादमी बंद पडते, आणि शेडमध्ये गोडाऊन येतं. सिंहगड रोडला अशी किती शेड गोडाऊन झाली ते इथल्या कोणालाही विचारा.

जूनच्या पालकसभेत आम्ही वर्षाचा जमाखर्च मांडतो. भाडं किती, पगार किती, मॅटसाठी किती साठलं, सगळं. यंदा तुम्ही जरूर या. त्याआधी बघायचा असेल तर सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी सातनंतर मी ऑफिसात असतो, वही तिथेच आहे. एकदम भरणं जड जात असेल तर सभासद फी तीन हप्त्यांत घेतो, हे बऱ्याच पालकांना माहीत नसतं. एप्रिलच्या बॅचमधली तुमच्या मुलाची जागा ५ तारखेपर्यंत ठेवली आहे. तो येणार की नाही तेवढं कोचला कळवा.