नजर खाली गेली म्हणून

रविवारी संध्याकाळी सोलापूरच्या अशोक चौकातल्या टपरीवर विमावाल्यानं विषय काढला. आदल्याच दिवशी तो कसल्याशा ट्रेनिंगला जाऊन आला होता. "बोलण्यात शब्दांना किंमत फक्त ७ टक्के बे. ३८ टक्के आवाज, ५५ टक्के चेहरा. म्हणजे ९३ टक्के काम न बोलताच होतंय."

मास्तर काही बोलले नाहीत. तेवढ्यात अण्णाचा भाऊबंद स्कूटरवरून आला आणि दोघांचं तेलुगूत सुरू झालं. शहराच्या या पूर्वभागात तेलुगू बोलणारी घरं पुष्कळ, त्यामुळं हे रोजचंच. अण्णाच्या भुवया चढल्या, हात हवेत गेले, एकदा तर त्यानं स्कूटरच्या सीटवर थाप मारली. भाऊबंद गेला तसे मास्तर विमावाल्याकडं वळले. "तेलुगू तुला येत नाही. म्हणजे ७ टक्केच बुडाले. उरलेल्या ९३ टक्क्यांत काय कळलं, सांग की."

"पैशावरनं वाजलंय."

"पैसा कुठला बे?" अण्णा म्हणाला. "लग्नाला आचारी ठरलाय त्याचा. दोनशे पानं धर म्हणलं, कमी पडाय नको."

मग मास्तरांनी त्या आकड्यांची गोष्ट सांगितली. अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाचे १९६७ सालचे प्रयोग. लोकांना सुटे शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवले. एका प्रयोगात तर एकच शब्द होता, 'कदाचित' या अर्थाचा. तो ऐकवताना चेहऱ्याचे फोटो दाखवले आणि विचारलं, बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी आहे की नाही? दोन प्रयोगांचे निकाल जोडून ७-३८-५५ निघालं. भावनेबद्दल बोलताना शब्द एक सांगतो आणि चेहरा दुसरंच, तेव्हा माणूस चेहऱ्यावर विश्वास ठेवतो, एवढाच त्याचा अर्थ. हे आकडे सगळ्या बोलण्याला लावू नका, असं खुद्द मेहराबियननीच बजावलंय.

अण्णाला हे पटेना. त्याची उमर यंत्रमागावर गेली. "मास्तर, कारखान्यात या एकदा. शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नाही. बाण्याच्या धाग्याची कांडी संपली, धागा तुटला, जॉबरला बोलीव, चहा आलाय, सगळं हातानंच. शब्दाला तिथं शून्य टक्के." त्यानं करून दाखवलं. तर्जनी हवेत गरगर फिरवली, ती कांडी. दोन बोटं जुळवून झटक्यात फाकवली, तो तुटलेला धागा.

मला ती बोटं बघत राहावंसं वाटलं. पण नवा कामगार आला की त्याला ही खूण कोण सांगतं, असं मी विचारलं. "आम्हीच सांगतो की. जेवणाच्या सुट्टीत." म्हणजे आधी शब्दांनी. जनावरांच्या बाजारात उपरण्याखाली बोटं धरून भाव करतात, तिथंही कुठल्या बोटाचा काय अर्थ हे दोघांना आधीच ठाऊक असतं. खूण तिच्या गोतावळ्यात बोलते. गोतावळा बदलला की तीच खूण मुकी होते, नाहीतर भलतंच सांगायला लागते.

आणि माझा राग इथंच आहे. माझी पुतणी गेल्या महिन्यात एका ऑफिसात मुलाखतीला गेली. हिशेबात पोरगी पक्की, उत्तरं सगळी बरोबर. नाव नाही आलं. ओळखीच्यातून कळलं, "नजर देत नाही, आत्मविश्वास कमी." आमच्या घरात मोठं माणूस बोलत असताना नजर खाली ठेवायची, हे तिला लहानपणापासून शिकवलंय. आम्हीच शिकवलंय. तिनं समोरच्याला मान दिला आणि त्यानं तो भित्रेपणात मोजला.

"पण नजर चोरणारा खोटं बोलतोय हे कळतं की," विमावाला म्हणाला.

तेही खरं नाही. २००६ साली बाँड आणि डी-पॉलो या दोन मानसशास्त्रज्ञांनी खोटं ओळखण्याचे शेकडो प्रयोग एकत्र करून तपासले. माणसं सरासरी ५४ टक्के वेळाच बरोबर निघाली. नाणं उडवलं तरी निम्म्या वेळा बरोबर येतं. आणि एवढ्या भरवशावर आपण एखाद्या पोरीची नोकरी ठरवतो.

विमावाला बराच वेळ कप फिरवत बसला. मग म्हणाला, "तरी तिला वर बघायला शिकीव. समोरचा काय बदलणार नाही." मास्तर चिडले. "का? मुलाखत घेणाऱ्यानं अजून दोन प्रश्न विचारावेत की!" बरोबर मास्तरांचंच आहे, पण ऐकायचं मला विमावाल्याचं लागलं.

बुधवारी तिची दुसरी मुलाखत आहे. रोज रात्री जेवणं झाली की मी साहेब होऊन समोर बसतो. पहिल्या प्रश्नाला ती माझ्या डोळ्यांत बघते. दुसऱ्याला "काका" म्हणते आणि नजर आपोआप सतरंजीवर जाते.