अडॅप्टरने फक्त पिनचा आकार बदलतो

कॅम्पर व्हॅनवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘तोरणमाळ असो की पाटणादेवी, लाईटची चिंता नको. मोठा पिन छोट्या सॉकेटला बसवणारा कन्व्हर्टर घ्या, गाडीतलं सगळं चालतं. टायर रबराचे, त्यामुळे अर्थिंग लागत नाही. एमसीबी पडली तर मोठी बसवा.’ (एमसीबी म्हणजे जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच.) मी जळगावात वायरिंगचीच कामं करतो. हे तिन्ही सल्ले चूक आहेत आणि अर्थिंगचा तर जीवघेणा.

टायरांपासूनच सुरू करतो. रबर वीज अडवतं हे खरं, आणि धोका त्यातच आहे. गाडीत कुठे वायर सोलली आणि फेज पत्र्याला लागला, तर टायरांमुळे तो करंट जमिनीत उतरत नाही. अख्खी गाडी जिवंत होते. ओल्या जमिनीवर उभं राहून जो दाराला हात लावेल, त्याच्या अंगातून तो जातो. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की पडणारा स्विच, हवीच. पण अर्थिंग असेल तर ती गळती होताच पडते, नसेल तर माणसाला झटका बसल्यावर.

मे महिन्यात रावेरकडे एका केळीच्या मळ्यात मित्राची व्हॅन लावायची होती. मोटारीच्या पेटीशेजारचं सॉकेट उघडलं, तर हिरवी, म्हणजे अर्थिंगची, वायर कापून मागे गुंडाळलेली. “काही नाही होत भो, चार वर्षं असंच चालू आहे,” मळेवाले म्हणाले. बाहेरून मात्र तिन्ही भोकं व्यवस्थित दिसत होती.

आता कन्व्हर्टर, म्हणजे अडॅप्टर. छोटं सॉकेट ६ अँपिअरचं, म्हणजे २३० व्होल्टवर १३८० वॅट. मोठं १६ चं, ३६८० वॅट. एक टनाचा एसी हजार-बाराशे वॅट घेतो, किटली दीड हजार. दोन्ही मिळून ११-१२ अँपिअर. पिन बसला म्हणून सॉकेटची ताकद वाढत नाही. आधी पितळी पात्या तापतात, मग प्लास्टिक तपकिरी पडतं. अमेरिकेतही ५० अँपिअरची गाडी अडॅप्टरने ३० च्या जोडणीला लावली, तर १२० व्होल्टवर ३६०० वॅटच मिळतात.

एमसीबी वायरीला वाचवायला असते. दीड स्क्वेअर मिलिमीटर जाडीच्या वायरीवर ३२ ची एमसीबी बसवली, तर आधी वायर जळेल. त्यात आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या आसपास. तापलेल्या पत्र्याखालची वायर तेवढाही भार झेलत नाही. एक्स्टेन्शनची गुंडाळी पूर्ण सोडा, गुंडाळलेली केबल आतून तापते.

मळ्यात आम्ही हिरवी वायर अर्थिंगच्या पट्टीला जोडली, टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये लावून पाहिला, मगच गाडी लावली. रात्री फक्त एसी चालवला. चहा गॅसवर केला.