शिआन आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा: एका लोकप्रिय सल्ल्याचा प्रतिवाद

चीनमधील शिआन या प्राचीन राजधानीच्या सहलीविषयी एक सल्ला हल्ली सर्रास पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: शिआनला ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच जावे, कारण तेव्हा पाऊस संपलेला असतो, राष्ट्रीय दिनामुळे शहर सजलेले असते आणि झाडे सोनेरी झालेली असतात, हिवाळ्यात मात्र तेथे पाहण्यासारखे काही उरत नाही, ऑक्टोबर जमत नसेल, तर मेचा पहिला आठवडा गाठावा. शिआनसाठी शरद ऋतू चांगला, एवढे यात बरोबर आहे. त्या ऋतूतले नेमके नको ते दिवस मात्र या सल्ल्याने निवडले आहेत.

पावसाचा मुद्दा आधी घेऊ. सप्टेंबर सरला की पाऊस ओसरतो आणि ऑक्टोबरचे ऊन तापू लागते, हा महाराष्ट्रातला अनुभव. तो शिआनला लागू पडत नाही. तेथे वर्षाला साधारण साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यात जुलैच्या बरोबरीने सप्टेंबरचाही वाटा मोठा असतो. उत्तरेकडून सरकणारी थंड हवा आणि दक्षिणेकडून येणारी दमट हवा यांची गाठ याच काळात पश्चिम चीनवर पडते, शहराच्या दक्षिणेला उभी असलेली छिनलिंग पर्वतरांग त्या ढगांना आणखी थोपवते, आणि मग आपल्या श्रावणासारखी धो-धो सर न येता दिवसचे दिवस भुरभुर चालू राहते. चिनी हवामानशास्त्रात याला पश्चिम चीनचा शरद पाऊस असे स्वतंत्र नावच आहे. त्याचा मुक्काम ऑक्टोबरमध्येही सहज लांबतो. २०२१ साली तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला शिआनजवळून वाहणाऱ्या वेई नदीला मोठा पूर आला होता. दरवर्षी असे होईल असे नाही, पण ‘पाऊस संपलेला असतो’ हे विधान टिकत नाही.

राष्ट्रीय दिनाची सजावट खरी आहे, आणि खरी अडचणही तीच आहे. १ ऑक्टोबरपासून चीनमध्ये सलग सुट्टी असते. ही ‘सुवर्णसप्ताह’ पद्धत १९९९ पासूनची. २०२५ मध्ये शरद पौर्णिमेचा सण जोडून आल्याने ती सुट्टी आठ दिवसांची झाली. नोकरीच्या शहरांतून गावी जाणारे आणि सहलीला निघालेले असे कोट्यवधी लोक एकाच वेळी प्रवासात असतात, आणि चीनच्या पहिल्या सम्राटाच्या समाधीजवळ पुरलेल्या मातीच्या सैनिकांमुळे शिआन हे त्यांचे एक आवडते ठिकाण आहे. १९७४ साली विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडलेली ही सेना शहरापासून पस्तीसेक किलोमीटरवर लिंतोंगमध्ये आहे. तिचा पहिला खड्डा सुमारे २३० मीटर लांब आणि ६२ मीटर रुंद असला, तरी सैनिक नीट दिसतात ते समोरच्या कठड्यापाशी, आणि सुट्टीत तेथे माणसांच्या रांगांमागे रांगा लागतात. शान्शी इतिहास संग्रहालयात प्रवेश घेण्यासाठी आधी नोंदणी करावी लागते आणि रोजची संख्या मर्यादित असते. वेगवान रेल्वेची तिकिटे साधारण पंधरा दिवस आधी खुली होतात. सुवर्णसप्ताहातली तिकिटे मिळवणे परदेशी पाहुण्याला सोपे नसते.

आता हे दोन्ही मुद्दे एकत्र पाहावेत. शिआनचा खरा आनंद उघड्यावरचा आहे: चौदाव्या शतकात मिंग राजवटीत बांधलेल्या तटावरून सायकलीने पावणेचौदा किलोमीटरची फेरी मारणे, संध्याकाळी हुई मुसलमानांच्या वस्तीतील गल्ल्यांमधून खात हिंडणे. पाऊस लागला की तटाची फेरी हुकते, आणि सुट्टीतली सगळी गर्दी त्याच छपराखालच्या जागांकडे, म्हणजे संग्रहालयांकडे आणि १०८७ पासून शिलालेख जपणाऱ्या ‘शिलालेखांच्या वना’कडे, एकदम लोटते.

सोनेरी पानांचा दावा थोडक्यात निकालात काढता येतो. ऑक्टोबरच्या आरंभी शिआनमधली झाडे बहुतांशी हिरवीच असतात. झोंगनान पर्वताच्या पायथ्याशी गुआनयिन मंदिरातील प्राचीन गिंको वृक्ष, जो थांग घराण्यातील सम्राट ताईत्सोंगने लावला असे सांगतात, पिवळाधमक होतो तो नोव्हेंबरच्या मध्याच्या सुमारास. डाळिंबे आणि डोंगरातला लाल रंगही सप्टेंबर ते नोव्हेंबर असा विखुरलेला आहे. एका आठवड्यात सगळे सापडत नाही.

हिवाळ्याविषयीचे विधान अर्धवट आहे. जानेवारीत सरासरी तापमान शून्य अंशाच्या आसपास असते, हे खरे; पण हवा कोरडी असते आणि वसंतोत्सवाचे, म्हणजे चिनी नववर्षाचे, दिवस सोडले तर गर्दी निवळलेली असते. थांग सम्राट श्वानत्सोंग तर लिंतोंगजवळच्या हुआछिंगच्या गरम झऱ्यांवर थंडीतच मुक्कामाला जात असे. हिवाळा टाळण्याचे सबळ कारण वेगळे आहे, आणि ते त्या सल्ल्यात नाही: १५ नोव्हेंबर ते १५ मार्च इमारतींना ऊब देणारी केंद्रीय व्यवस्था शहरभर चालते, पर्वतांनी अडवलेल्या खोऱ्यात धूर साचतो आणि हवा कधी कधी फारच खराब होते. दमेकऱ्यांनी आणि लहान मुलांच्या पालकांनी तेवढे लक्षात घ्यावे.

राहिला मे. १ मेपासून चीनमध्ये कामगार दिनाची सुट्टी असते, म्हणजे पर्याय म्हणून सुचवलेला आठवडाही तोच दोष घेऊन येतो. ती सुट्टी संपल्यानंतरचे काही दिवस मात्र उत्तम असतात. महिनाअखेरीस पारा तिशीपलीकडे जाऊ लागतो. चेरीचा बहर पाहायचा असेल तर मार्चअखेरीस छिंगलोंग मंदिर गाठावे लागते, जेथे जपानी भिक्षू कूकाईने इ. स. ८०५ मध्ये दीक्षा घेतली.

माझ्या मते ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा आणि नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा हे शिआनचे खरे दिवस आहेत. पाऊस हळूहळू आटोपतो, दुपारचे तापमान ऑक्टोबरअखेरीस वीस अंशांच्या आत-बाहेर राहते आणि चिनी शाळा सुरू असतात. शिवाय २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत निघणाऱ्या मराठी कुटुंबांना गिंकोही पिवळा होताना दिसण्याची शक्यता आहे. दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्राचे वर्णन करणाऱ्या ह्युएनत्संगाने भारतातून नेलेल्या ग्रंथांसाठी इ. स. ६५२ मध्ये उभारलेला शिआनमधला वन्यहंस मनोरा त्या दिवसांत निवांतपणे पाहता येईल.