चारशे घोडे, चार दारे

ज्यांच्या खिशात एखादी साधी, छोटी, नवी गाडी घेण्यापुरतेच पैसे आहेत आणि ज्यांना ते पैसे साधी, छोटी, नवी गाडी घेण्यात वाया घालवायचे नाहीत, अशा सुज्ञ वाचकांच्या मार्गदर्शनासाठी हा लेख आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ज्या सेडानमधून कंपन्यांचे संचालक आणि नामांकित शल्यविशारद फिरत असत, तीच चारशे अश्वशक्तीची, चामडी आसनांची, चार दारांची सेडान आज तेवढ्याच रकमेत आपल्या नावावर होऊ शकते. असे असताना हमी, नवे टायर आणि दिलेल्या वेळी सुरू होणारे इंजिन अशा क्षुल्लक गोष्टींच्या मोहात पडून आपण लहानशा गाडीत आयुष्य काढावे, हे आपल्याला मुळीच शोभणारे नाही.

पहिला प्रश्न घरच्यांच्या संमतीचा. त्यासाठी या जातीच्या गाड्यांना निर्मात्यांनी मुद्दाम चार दारे ठेवलेली आहेत. दोन दारांची, जमिनीला चिकटून चालणारी लाल गाडी घरात हौस म्हणून ओळखली जाते. चार दारांची करडी गाडी मात्र गरज म्हणून खपते. मागे तीन माणसे बसतात, डिक्कीत मोठ्या बॅगा मावतात, लहान मुलांचे आसन अडकवायला हुक आहेत, एवढे तीन मुद्दे शांतपणे मांडावेत आणि बॉनेटखाली काय आहे हा विषय निघण्यापूर्वी चहाचा कप घेऊन उठावे. १९९८ ते २००३ या काळात बनलेली बीएमडब्ल्यूची एम ५ या कामी आदर्श आहे. ४.९ लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन आणि ४०० अश्वशक्ती पोटात घेऊन ती गाडी अशी निमूट उभी राहते, की जाणकाराखेरीज कोणालाही ती एखाद्या लेखापालाची वाटावी. त्याआधीची, १९९० मध्ये जगासमोर आलेली मर्सिडीजची ५०० ई तर याहून सोज्वळ दिसते. तिचे रुंदावलेले अंग मर्सिडीजच्या नेहमीच्या जुळणी-मार्गावरून जाईना, म्हणून तिची जुळणी पोर्शकडे सोपवली गेली आणि प्रत्येक गाडी दोन कारखान्यांमध्ये ये-जा करत पूर्ण झाली. ही हकिकत घरी जरूर सांगावी, कारण तिच्यात कारागिरी दिसते. लोटस या स्पोर्ट्स गाड्यांच्या ब्रिटिश कंपनीने फेरफार केलेल्या, ३७७ अश्वशक्तीच्या व्हॉक्सहॉल कार्ल्टन या सेडानची हकिकत मात्र सांगू नये. १९९३ मध्ये इंग्लंडात चोरांनी अशी एक गाडी पळवली, रात्री-अपरात्री दुकाने फोडण्यासाठी ती वापरली आणि पोलिसांच्या गाड्या तिच्या जवळपासही पोचू शकल्या नाहीत. कौटुंबिक वापराच्या दृष्टीने हा दाखला तितकासा उपयुक्त नाही.

आता किमतीकडे वळू. ही गाडी इतकी स्वस्त का, असा प्रश्न एखादा शंकेखोर मित्र विचारील. त्याला सांगावे, की जगाला कदर नाही. यामागचे खरे कारण इतके कंटाळवाणे आहे, की ते एकाच परिच्छेदात उरकलेले बरे. गाडीची किंमत वयाबरोबर उतरते. तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. ब्रेकची डिस्क बनवणाऱ्याला आपण ती गाडी कितीला घेतली याच्याशी काही देणेघेणे नसते. गाडी नवी असताना तिच्या मालकाला जे परवडत होते, त्या हिशेबाने तो दर लावतो, आणि भाग दुर्मिळ होऊ लागला की त्यावर आणखी चढवतो. गाडी म्हातारी होते, पण तिच्या औषधपाण्याचा खर्च ऐन तारुण्यातल्या ऐपतीप्रमाणे चालू राहतो. म्हणजे पहिल्या मालकाने गाडीची किंमत भरली आणि तिचा थाट सांभाळण्याचे काम आता आपल्याकडे आले. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण ज्याने रचली, त्याला निदान ताटात काहीतरी मिळाले होते.

गाडी पाहायला जाताना माहितगार मेकॅनिकला सोबत नेऊ नये. तो गाडीखाली वाकतो, हुंकारतो, बोटाला लागलेले तेल वास घेऊन पाहतो आणि एकंदर मंगल वातावरणाचा विचका करतो. आपण एकटेच जावे, शक्यतो संध्याकाळी, पाऊस पडत असल्यास उत्तम, कारण ओल्या रंगावर ओरखडे दिसत नाहीत आणि ओल्या जमिनीवर तेलाचे थेंबही उठून दिसत नाहीत. आपण पोचतो तेव्हा बॉनेटला हात लावताच ते गरम लागले, तर तो पाहुणचार समजावा. काही खडूस लोक म्हणतात, की इंजिन पूर्ण गार असताना सुरू करून पाहावे, कारण सुरुवातीच्या काही सेकंदांत इंजिनातल्या झडपांची वेळ सांभाळणाऱ्या टायमिंग चेनचा खडखडाट ऐकू येतो, झिजलेल्या सीलमधून उतरलेले तेल जळून निळा धूर येतो, आणि हे सारे इंजिन तापल्यावर लपून जाते. असे लोक आयुष्यात फारसे आनंदी नसतात. निळा धूर आलाच, तर विक्रेता सांगेल की या इंजिनांचा तो स्वभावच आहे. पांढरा, गोडसर वासाचा आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा धूर आला, म्हणजेच इंजिन गार ठेवणारा द्रव, कूलंट, सिलिंडरमध्ये शिरून जळत असला, तर तो सांगेल की आज हवेत गारठा आहे. दोन्ही वेळा मान डोलवावी.

किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, डॅशबोर्डावरचे सगळे इशारादर्शक दिवे क्षणभर पेटून नंतर विझायला हवेत. त्यांतला इंजिनाचा दिवा मुळात पेटलाच नाही, तर ते निर्दोष इंजिनाचे लक्षण मानावे. कोणी बल्बच काढून ठेवला असेल हा विचार सद्गृहस्थाला सुचू नये. तीच गोष्ट टायरची. टायरच्या कडेवर कोरलेल्या सांकेतिक ओळीतले शेवटचे चार आकडे तो कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला ते सांगतात. २३११ म्हणजे २०११ सालचा तेविसावा आठवडा. चार चाकांवर चार निरनिराळ्या कंपन्यांचे, चार निरनिराळ्या सालांचे टायर आढळले, तर मालकाला विविधतेची आवड होती एवढाच निष्कर्ष काढावा. ताशी अडीचशे किलोमीटर धावू शकणाऱ्या गाडीला ज्याने टायर घेताना हात आखडता घेतला, त्याने नजरेला न पडणाऱ्या भागांवर मात्र सढळ हाताने खर्च केला असेल, असे मानण्याइतका आपला माणसांवर विश्वास असलाच पाहिजे.

यात एक धोका आहे आणि त्याविषयी वेळीच सावध करणे मी माझे कर्तव्य समजतो. शोधता शोधता एखाद्या वेळी आपली गाठ चांगल्या गाडीशी पडू शकते. तिचा मालक विक्षिप्त असतो. त्याच्याकडे जाडजूड फाइल असते, तिच्यात दर तेलबदलाची पावती असते, आणि तो आपल्यालाच उलट प्रश्न विचारतो, की गाडी झाकलेल्या जागी ठेवणार ना? उदाहरणार्थ, २००५ मध्ये आलेल्या एम ५ चे दहा सिलिंडरचे इंजिन घ्या. ते मिनिटाला ८२५० फेऱ्यांपर्यंत गरगरते आणि ५०७ अश्वशक्ती देते. पण सुरू केल्यावर ते आपणहून ४०० वरच थांबते आणि उरलेल्या शंभर घोड्यांसाठी एक कळ दाबावी लागते, जणू काही चारशे ही पायी चालण्याची गती. या इंजिनात पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड आणि त्याने फिरणारा मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, यांच्यामध्ये बसणारी पातळ बेअरिंगे झिजतात हे त्या वर्तुळातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि ठोठावल्यासारखा आवाज येऊ लागेपर्यंत थांबले तर क्रँकशाफ्टही हाताचा जातो. म्हणून विक्षिप्त मालकाने ती काहीही आवाज नसताना, निव्वळ खबरदारी म्हणून बदललेली असतात आणि फाइलमध्ये त्याचे बिल लावलेले असते. साहजिकच तो इतरांपेक्षा थोडी जास्त किंमत सांगतो. अशा माणसाच्या नादी न लागता सरळ परत फिरावे. आपण स्वस्त गाडी शोधायला निघालो आहोत, आणि सर्वांत स्वस्त ती, जिच्यात यांपैकी काहीही केलेले नाही.

निवडीला वाव भरपूर आहे. २००३ च्या सुमाराची ऑडी एस ४ घेतली, तर तिच्या ४.२ लिटरच्या इंजिनातील टायमिंग चेन मागच्या बाजूला, गिअरबॉक्सच्या अंगाला बसवलेल्या आहेत असे कळते. त्या चेनना रेटून धरणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या झिजल्या, की त्या बदलण्यासाठी संपूर्ण इंजिन बाहेर काढावे लागते. पट्टी हातावर घेऊन पाहिली तर तिच्या बिलाचा आकडा खरा वाटत नाही. त्याच काळातली, सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) लावलेली ४७६ अश्वशक्तीची मर्सिडीज ई ५५ घेतली, तर तिच्या ब्रेकचे काम पायाऐवजी संगणक आणि विजेचा पंप करतात. ही यंत्रणा आपण किती वेळा ब्रेक दाबला याची मोजदाद ठेवते आणि ठराविक आकडा गाठला, की आपली मुदत संपल्याचे डॅशबोर्डावर जाहीर करते. या यंत्रणेपायी मर्सिडीजला २००४ आणि २००५ मध्ये लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि २००६ मध्ये तिने ती ई-क्लासमधून काढूनच टाकली; पण आपली गाडी त्याआधीची असल्यामुळे स्वस्तात मिळते आहे, हे लक्षात ठेवून समाधान मानावे. ज्या इंजिनांत चेनऐवजी रबरी टायमिंग बेल्ट असतो, तेथे तो शेवटचा केव्हा बदलला हे विचारण्याची पद्धत आहे. उत्तर ‘नुकताच’ असे येते. पावती मागितल्यास ती ‘घर बदलताना हरवलेली’ असते. अशा बहुतेक इंजिनांत बेल्ट तुटला तर झडपा आणि पिस्टन एकाच वेळी एकाच जागी येतात, आणि दोघांना पुरेल एवढी जागा तेथे नसते.

गाडी घरी आली, की नव्याचे नऊ दिवस खरोखरच नऊ भरतात. माझ्या वेळी ते सहा भरले होते, पण माझे नशीब मुळातच बेताचे. त्यानंतर आपली गॅरेजशी ओळख होते आणि हळूहळू ती घरोब्यात बदलते. तेथे प्रथम गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा स्कॅनर लावला जातो. स्कॅनर एका सेन्सरचे नाव घेतो, तो सेन्सर बदलला जातो, दिवा दोन दिवस विझतो आणि पुन्हा पेटतो. मग स्कॅनर दुसऱ्या सेन्सरचे नाव घेतो. हवेच्या नळीला गेलेली बोटभर चीर चौथ्या सेन्सरनंतर सापडते. रोग रेड्याला आणि इलाज पखालीला, पण त्यानिमित्ताने पखाली सगळ्या नव्या होतात ही जमेची बाजू. मेकॅनिक बोलका असेपर्यंत काळजी करू नये. तो बॉनेटखाली वाकून बराच वेळ काहीच बोलला नाही आणि मग हात पुसत ‘तुम्ही ही घेतली केव्हा?’ असे हळुवारपणे विचारू लागला, तर खुर्चीवर बसून घ्यावे.

खर्चाची वही ठेवू नये, हे मी स्वानुभवाने सांगतो. ठेवलीच, तर तेल, विमा आणि पेट्रोल हे ‘चालू खर्च’ म्हणून वगळावेत, टायर ‘सुरक्षितता’ म्हणून वगळावेत आणि क्लच ‘एकदाच होणारी गोष्ट’ म्हणून वगळावा. मागची चाके पुढच्यांपेक्षा रुंद असल्यामुळे टायर मागे-पुढे अदलाबदल करून चालवता येत नाहीत. ही गोष्ट वहीत न लिहिता मनात ठेवावी. उरलेल्या रकमेला ‘गुंतवणूक’ म्हणावे. वॉटर पंप बदलला आहे, तेव्हा रेडिएटरही बदलून टाकू. रेडिएटर बदलला आहे, तेव्हा आता विकणे हा मूर्खपणा ठरेल. विकायची नाही, तेव्हा शॉक अब्जॉर्बर करून घेऊ. ही साखळी टायमिंग चेनपेक्षा कितीतरी मजबूत असते आणि ती बदलायला इंजिन बाहेर काढूनही उपयोग होत नाही.

आणि तरीही, न्याय म्हणून एक गोष्ट कबूल केली पाहिजे. महिन्यातून एखादी सकाळ अशी उगवते, की एकही दिवा पेटलेला नसतो, रस्ता मोकळा असतो, तेल तापलेले असते, आणि दुसऱ्या गिअरमध्ये पाय खाली नेताच ते इंजिन चार हजार फेऱ्यांच्या पुढे असा काही सूर लावते, की मागच्या आसनावरची मुलेही मोबाइलमधून मान वर काढतात. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात. ही गाय महिन्यातून एकदाच, पेलाभर दूध देते, पण तो पेला दुसऱ्या कोणत्याही गोठ्यात मिळत नाही. त्या वीस मिनिटांसाठी माणूस पुढच्या महिन्याचे बिल भरतो. घरी परतल्यावर वाहन थंड होत असताना त्याच्याखालून टिकटिक आवाज येतो तो निरुपद्रवी असतो. टपटप आवाज येतो तो नसतो.

यथावकाश एक दिवस घरात बैठक होते आणि गाडी विकण्याचा निर्णय एकमताने, म्हणजे आपले मत न विचारता, घेतला जातो. तेव्हा खचून जाऊ नये. जाहिरातीत ‘हौशी मालकाची’, ‘नुकताच भरपूर खर्च केलेला’ आणि ‘केवळ जागेअभावी’ हे शब्द घालावेत. त्यांतले निदान मधले तरी अक्षरशः खरे असेल. पावत्यांचे काय, असे विचारल्यास घर बदलल्याचे सांगावे. चार दारांचा उल्लेख पहिल्याच ओळीत करावा, कारण वाचणाऱ्यालाही ते घरी कोणाला तरी दाखवायचे असते. संध्याकाळची वेळ द्यावी. आणि तो येण्यापूर्वी अर्धा तास इंजिन सुरू करून ठेवावे. दारात आलेल्या पाहुण्याला गार गाडी दाखवणे बरे दिसत नाही.